भिकाजी प्रॉम्प्टरचा अजबखाना

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस असतो, आणि तोही पाठमोरा.

डाव्या हाताला सावंतवाडीचा मोती तलाव. सकाळच्या उन्हात असा झगमगतोय, की जणू कुणी फूटलाइट पाण्यातच सोडून दिलेत. उजव्या हाताला बाजाराकडे वळणारा तांबडा रस्ता. मधोमध बैठी कौलारू इमारत, पुढे पडवी, पडवीवर पाटी: ‘सार्वजनिक वस्तुसंग्रहालय. प्रवेश विनामूल्य.’ काळी टोपी, आखूड धोतर, खांद्यावर फडकं अशा वेषातला एक किडकिडीत गृहस्थ दाराची पितळी कडी घासतोय. कडी आधीच लखलखते आहे, पण घासण्याजोगं दुसरं काही उरलेलंच नाही. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. प्रयोग रोज, सकाळी दहाला सुरू. प्रेक्षागृह मात्र रिकामं.

हा भिकाजी पेंढुरकर. अख्खी वाडी त्याला भिकाजी प्रॉम्प्टर म्हणायची.

प्रॉम्प्टर म्हणजे नाटकातला असा माणूस, ज्याला सगळं नाटक पाठ असतं आणि ज्याच्या वाट्याला एकही वाक्य नसतं. भिकाजीची उमेद एका फिरत्या नाटक कंपनीच्या विंगेत गेली. हातात पोथी, शेजारी मिणमिणता कंदील, आणि समोर उजेडात उभा असलेला, भाषण विसरलेला राजा. त्या राजाला वाचवायची भिकाजीची एक रीत होती. तो फक्त पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचा. ‘अख्खा वाक्य दिला तर नट पोपट होता,’ तो म्हणायचा, ‘पयलो शब्द दिलो तर राजा होता.’ त्याची कुजबूज नटाच्या कानापर्यंत बरोबर पोचे आणि पहिल्या रांगेला कळतही नसे. जन्मभर असं कुजबुजून त्याचा मूळचा आवाज मात्र कुठे हरवला तो हरवलाच. साधं बोलला तरी समोरच्याला पुढे वाकावं लागे.

कंपनी मोडली. नट सिनेमात गेले, पेटीवाले देवळात गेले. प्रॉम्प्टर कुठे जाणार? तो गावी परत आला. तेव्हा हेडमास्तरकीतून निवृत्त झालेले हरिश्चंद्र नाबर मास्तर या संग्रहालयाचे अध्यक्ष होते. तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकात मास्तर राजा झाले होते आणि भर दरबारात त्यांची वाचा बसली होती. त्या दिवशी विंगेतून भिकाजीने दिलेला एक शब्द मास्तर विसरले नव्हते. त्यांनी भिकाजीला राखणदाराची नोकरी दिली आणि इमारतीच्या मागच्या दोन खोल्या दिल्या. भिकाजी आणि त्याची बायको तुळसा तिथे राहू लागली. पोरबाळ नव्हतं. परसात एक फणस होता आणि तुळसाच्या हातचा अळूचा वाफा.

आत दालनात वस्तू होत्या. गंज चढलेल्या तलवारी, एक जुनी पालखी, हाताने रंगवलेल्या गंजिफांचा, म्हणजे गोल पत्त्यांचा डाव, शिडाच्या गलबतावरचा कंदील, आणि दाराजवळच्या खुंटीला एक इरलं. बांबूच्या कामट्यांत पानं बसवून केलेलं, पावसात शेतकरी पाठीवर घेतात ते. प्रत्येक वस्तूखाली मास्तरांनी स्वतःच्या सुंदर हस्ताक्षरात कार्ड लिहिलं होतं. काळ, माप, घराणं, संदर्भ. कार्ड इतकं मोठं, की ते वाचून संपेपर्यंत वस्तू बघायची राहूनच जायची. भिकाजीने सगळी कार्डं पाठ केली होती. चुकूनमाकून कुणी आत आलं, तर तो त्याच्या मागोमाग चालत पहिल्यापासून शेवटपर्यंत कार्डं म्हणून दाखवी. पाहुणा आधी पुढे वाकून ऐके, मग सरळ होई, मग दाराकडे बघे. ‘बरा आसा हां’ म्हणून जाई, तो पुन्हा कधी येत नसे.

बाजाराच्या दिवशी मात्र पडवीत एक पाहुणी ठरलेली. आंबोलीची लक्ष्मी गावडे, तुळसाच्या माहेरची शेजारीण. भाजीची टोपली पडवीत टेकवायची, गूळपाणी घ्यायची, तुळसाशी गप्पा मारायच्या आणि घाटाची एस्टी पकडायची. आत पाऊल टाकायची नाही.

‘लक्षुमीबाय, एकदा आत तरी बघ गो,’ तुळसा म्हणे.

‘काय आसा आत?’

‘जुन्यो वस्तू.’

‘जुन्यो वस्तू बघूक हंय कित्याक येव? माझ्या घरात सगळा जुनाच आसा. न्हवरो सुद्धा!’

तर असा हा अंक चालला असता वर्षानुवर्षं. पण एका संध्याकाळी नाबर मास्तर आले आणि पडवीच्या पायरीवरच बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मास्तर टोपी काढत ते फक्त मयताला.

‘भिकाजी, कमिटीत आज विषय निघालो,’ ते म्हणाले. ‘बाबूशेट बोलले.’

बाबूशेट कुडतरकर हे भुसाराचे व्यापारी आणि कमिटीचे सभासद. माणूस वाईट नव्हता. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या तांदळाची पोती भिजून नासली होती, आणि गावात न गळणारं छप्पर म्हणाल तर हेच. त्यांनी सभेत हात उडवून विचारलं होतं, ‘जित्या माणसांच्या तांदळाक जागा नाय, आणि मेलेल्यांच्या तलवारींक कुलूप-किल्ली? कोण येता थंय बघूक? एक माणूस दाखवा!’ मास्तरांना एक माणूस दाखवता आला नव्हता. मग ठरलं, की शिमग्यापर्यंत वाट बघायची. तोवर लोक येऊ लागले नाहीत तर वस्तू पेट्यांत भरून कोल्हापूरला धाडायच्या आणि इमारत गोदामाला द्यायची.

‘आणि मागच्यो खोल्यो?’ भिकाजीने विचारलं.

‘त्यो पण गोदामाकच,’ मास्तर म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून उठले.

त्या रात्रीचं जेवण वाढताना तुळसाने विचारलं, ‘मगे आमी खंय जातलंव?’

‘तुझ्या भावाकडे. आंबोलीक.’

‘थंय पावसात धुराक सुद्धा घराभायर जावक वाट गावना नाय. आणि तुमी थंय काय करतलास? बेडकांका प्रॉम्प्टिंग?’

भिकाजी हसला, पण त्याने ताट बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं स्वतःचं असं एक घर झालं होतं. तंबूत, धर्मशाळेत, थिएटरच्या मागच्या बोळात झोपलेला माणूस; त्याला त्या दोन खोल्यांच्या भिंतींना हात लावून बघायची सवय होती. त्या भिंती आता पोत्यांच्या होणार होत्या.

लोकांना बोलवायचं कसं, हे भिकाजीला एकाच प्रकारे ठाऊक होतं. कंपनीत करत तसं. त्याने छापखान्यातून लाल कागदावर हस्तपत्रकं काढून घेतली. मजकूर स्वतः रचला: ‘आज सायंकाळी! अवश्य पाहा! पूर्वजांचा भव्य दर्शनसोहळा! खरी तलवार! खरी पालखी! अस्सल राजेशाही गंजिफा! बायकांची बसण्याची सोय स्वतंत्र!’ हे शेवटचं वाक्य सवयीने लिहिलं गेलं. बाजाराच्या दिवशी बैलगाडीवर ढोलकं ठेवून तो गावभर फिरला. ओरडता येत नव्हतं, म्हणून नुसता वाजवत गेला.

आणि काय सांगावं! दिवेलागणीला मोती तलावाच्या काठावर माणसं लोटली. अंगण भरलं. पेट्रोमॅक्स टांगला होता, त्याच्या उजेडात भिकाजीने पाहिलं. अंगणात माणसं चटया पसरत होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पोरं पुढे. चणेवाला आला होता. सगळी तोंडं पडवीकडे लावून, मांडी ठोकून बसली होती.

भिकाजीच्या ध्यानात आलं, हे सगळे नाटकाला आलेत. जत्रेजत्रेत रात्रभर नाटक बघणारा हा मुलूख. लाल कागद, ढोलकं, खरी तलवार, आणि वर भिकाजी प्रॉम्प्टर! दुसरं काय समजणार होते ते?

‘पडदो खंय आसा?’ कुणीतरी ओरडलं.

‘संगीत आसा मा?’

‘तलवार खरी म्हणजे लढाई आसतलीच!’

भिकाजी पडवीच्या कडेला आला. ‘नाटक नाय,’ तो म्हणाला. ‘आत वस्तू आसत, त्यो बघूच्यो.’

आवाज पहिल्या रांगेपर्यंत कसाबसा पोचला. पहिल्या रांगेने तो दुसरीला सांगितला, दुसरीने तिसरीला, आणि मागून उलट आरोळी आली, ‘मेल्या भिकाजी, चटई घेवन इलंव आमी! आमका फसयतंस?’

हशा उठला, मग हशाची कुरकुर झाली, आणि काही चटया गुंडाळल्या जाऊ लागल्या. भिकाजीला दिसत होतं, की हे लोक एकदा उठले की पुन्हा या दारात येणार नाहीत. शिमग्यापर्यंतच काय, जन्मात नाही.

मागून तुळसा आली. दाराजवळच्या खुंटीवरचं इरलं काढून तिने त्याच्या हातात कोंबलं. ‘ह्या धरा. मोकळ्या हातांनी उभे रवा नकात.’

भिकाजीने इरलं वर धरलं. तोंड उघडलं. ‘हे...’

पुढे काही नाही. मास्तरांचं अख्खं कार्ड पाठ होतं, ते कापरासारखं उडून गेलं. पेट्रोमॅक्सचा उजेड सरळ डोळ्यांत येत होता. जन्मभर दुसऱ्यांना विसरताना पाहिलेला माणूस आज स्वतः विसरला होता, आणि विंगेत कुणी नव्हतं.

‘अगो बाय! जावयानू, उलटा धरलास तुमी ता!’

पडवीच्या कोपऱ्यात टोपलीशेजारी लक्ष्मी गावडे बसली होती. शेवटची एस्टी सोडून ती ‘नाटकाला’ राहिली होती. अंगण खदखदून हसलं. लक्ष्मी तरातरा आली, माहेरच्या जावयाच्या हातातून तिने इरलं घेतलं, सरळ केलं, स्वतःच्या पाठीवर टाकलं आणि वाकून दाखवलं.

‘ह्या असा घेतला काय...’ ती म्हणाली, आणि मान वर केली तर समोर सगळा गाव. लक्ष्मीची जीभ टाळ्याला चिकटली.

भिकाजीचे पाय आपोआप दोन पावलं मागे गेले, दाराच्या अंधारात. आणि ओठ हलले. ‘लावणीक...’

‘लावणीक!’ लक्ष्मी म्हणाली. ‘लावणीक वाकलंव काय सगळ्यो बायलो कासवासारख्यो. वरून पाऊस मारतासा, पण आत सुखा. माझो तान्हो झील ह्याच्याखाली न्हिजलो, शेताच्या बांधार. एकदा वारो असो सुटलो, इरला उडाला ता थेट शेजाऱ्याच्या रेड्यार. रेड्याक वाटला, सासू बसली पाठीर! जो धावलो तो...’

‘घाटाच्या...’ अंधारातून आलं.

‘घाटाच्या वळणापर्यंत! एस्टी थांबली त्येका बघून!’

बायकांच्या बाजूला एकीने दुसरीच्या पाठीवर थापा मारल्या. गुंडाळलेल्या चटया पुन्हा पसरल्या. मग भिकाजीने तुळसाकडून गंजिफा मागवल्या आणि गंजिफा रंगवणाऱ्या चितारआळीतल्या एका म्हाताऱ्यासमोर पुढे केल्या. पालखी दारातूनच दाखवली, तेव्हा ज्याच्या आज्याने ती खांद्यावर घेतली होती तो माणूस गर्दीतून आपणहून उठला. कुणी अडखळलं की अंधारातून एक शब्द यायचा. फक्त एक. गोष्ट कुठे जाणार हे भिकाजीला ठाऊक नसायचं; पण माणूस कुठे अडलाय हे त्याला कळायचं, जन्मभर दुसरं केलं काय होतं? पेट्रोमॅक्समधलं तेल संपलं तेव्हाच लोक उठले.

पुढच्या बाजाराला लक्ष्मी आपल्या गावच्या बायका घेऊन थेट आत शिरली. ‘चला, माझा इरला दाखयतंय.’

‘माझा’ हा शब्द भिकाजीने झेलला आणि तो नाबर मास्तरांकडे गेला.

‘मास्तर, कार्डां बदलूया.’

मास्तरांचा चेहरा उतरला. त्या कार्डांत त्यांची कित्येक सुट्ट्यांची मेहनत होती. ‘चूक आसत काय ती?’

‘चूक नाय. पण तुमी सगळाच सांगतास. बघणाऱ्यान मगे बोलूचा काय?’

शेवटी मास्तरांनी दौत पुढे ओढली. ‘सांग, काय लिवू?’

इरल्याखाली नवं कार्ड लागलं, मोठ्या अक्षरात: ‘हे इरलं एकदा रेड्यावर जाऊन बसलं, तेव्हा... पुढचं आंबोलीच्या लक्ष्मी गावडेला विचारा. बाजाराच्या दिवशी ती इथे असते.’

‘भिकाजी, वाक्य अर्धाच रवला रे,’ मास्तर म्हणाले.

‘अर्धाच होया, मास्तर.’

जुनी कार्डं मास्तरांनी फेकली नाहीत. ज्याला काळ आणि माप हवं त्याने कपाटातून मागून घ्यावं, असं ठरलं. शाळेची पोरं पुढे ती मागू लागली, तेव्हा मास्तर दिवसभर खुशीत असत. पण ते नंतरचं. आधी अर्ध्या वाक्यांनी काम केलं. लोक वाचत, अडत, आणि अडले की शेजारच्याला विचारत. ज्याचं नाव कार्डावर तो सोयरेधायरे घेऊन येई. ज्याचं नाव नाही तो रुसून येई आणि म्हणे, ‘तलवारीचा काय लिवलास ता चूक. माझो आजो सांगी तसा लिवा.’

शिमगा जवळ आला. कमिटी पाहणीला आली, आणि नेमकी बाजाराच्या दिवशी. बाबूशेट पुढे, मास्तर मागे. भिकाजीच्या मनात आलं होतं की आज सगळं कसं शांत, नीटनेटकं दिसावं. पण दालनात शिरताच कमिटीच्या कानी पडलं ते भांडण.

‘आंबोलीचा इरला लांब आसता,’ लक्ष्मी कंबरेवर हात ठेवून सांगत होती. ‘आमच्याकडे वारो पाठीमागसून मारता.’

‘आणि रेडीक दर्यावरचो वारो काय शाळेत जाता?’ समोरची, रेडी बंदराकडची बाई म्हणाली. ‘आमचा आखूड, पण घट. तुझ्यासारखा रेड्यार उडना नाय!’

दोघींभोवती दोन्ही गावचे लोक जमले होते. कुणी हसत होतं, कुणी तावातावाने हातवारे करत होतं. भिकाजीने डोळे मिटून घेतले. झालं, संपलं सगळं.

बाबूशेट मान हलवत दालनभर फिरले. कौलं पाहिली, भिंतीला ओल आहे का हात लावून पाहिलं, मनात पोती रचून झाली. आणि फिरता फिरता गलबताच्या कंदिलापाशी आले. कंदिलाची एक काच मेण लावून जोडलेली होती. तिथे ते उगाच थांबले. इतर सभासद पुढे गेले. बाबूशेट जागचे हलले नाहीत. त्यांचे ओठ उघडले आणि मिटले.

अडलेला माणूस भिकाजी लांबून ओळखायचा. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, बाबूशेटचे वडील रेडीच्या बंदरात गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. तो मागून जवळ गेला. ह्याच माणसाच्या तांदळापायी आपल्या भिंती जाणार, हे तो विसरला नव्हता. पण समोर अडलेला माणूस होता. त्याला काय करणार?

‘वडील...’ भिकाजी म्हणाला.

‘वडील तांडेल होते माझे,’ बाबूशेट वळले नाहीत. ‘असोच कंदील होतो. असोच. आषाढाआधी गलबता परत येत, तेव्हा आई माका काखेत घेवन बंदरार उभी रवायची. काळोखात हो ठिपको दिसलो काय म्हणायची, बघ, तुझो बापूस डोळो मारता. एका वर्षी...’

ते थांबले. दालनातलं भांडणही थांबलं होतं. रेडीची बाई ऐकत होती.

या वेळी भिकाजीने शब्द दिला नाही. काही विराम भरायचे नसतात, हेही प्रॉम्प्टरला शिकावं लागतं.

‘एका वर्षी ठिपको इलो नाय,’ बाबूशेट म्हणाले. ‘आई मगे कंदिलाचा नाव सुद्धा काढी नसे. मी पण कोणाक सांगलंय नाय कधी.’

त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, घसा खाकरला आणि पुन्हा व्यापारी झाले. दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, ‘भिकाजी, माझा पण लिवतलास काय रे तू? कार्डार?’

‘लिवतलंय. पण अर्धाच, बाबूशेट.’

‘आणि बाकीचा?’

‘बाकीचा सांगूक तुमी येवचा.’

बाबूशेटनी मास्तरांकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. ‘तांदळाचा बघूया दुसरीकडे खंयतरी,’ ते पुटपुटले. ‘भातगिरणीच्या मागची शेड शाकारून घेवया.’ आणि दर बाजाराच्या दिवशी दुपारी दुकान मुनिमाकडे सोपवून ते कंदिलापाशी स्टुलावर येऊन बसू लागले.

असा हा अजबखाना पुढे चालू राहिला. साठ साल आलं, महाराष्ट्र झाला. रेडीला लोखंडाची माती भरायला मोठी जहाजं लागू लागली आणि बाबूशेटच्या कंदिलापाशी खलाशी पोरं येऊन बसू लागली. लक्ष्मी गावडे गेली, तेव्हा तिच्या कार्डावर मास्तरांनी ‘तिच्या सुनेला विचारा’ असं लिहिलं. सून सासूची नक्कल करून तीच गोष्ट सांगे, आणि त्यात रेडा थेट कोल्हापूरपर्यंत धावे. भिकाजी दाराच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा असे. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो दिसतही नसे. त्यांना वाटे, इथली माणसं किती बोलकी!

सदुसष्ट साली त्याने अंथरूण धरलं. त्याच मागच्या खोलीत. छातीने दगा दिला होता, आणि आवाज तर आता ओठांवरच संपत होता. दालनातली गर्दी भिंतीपलीकडून ऐकू येई. मास्तर येऊन बसत, बाबूशेट शहाळी पाठवत.

एका दुपारी तुळसा उशाशी बसली होती. भिंतीपलीकडे लक्ष्मीची सून इरल्याची गोष्ट सांगत होती. बायका हसत होत्या. तुळसाने इतक्या वर्षांत एकाही वस्तूबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. तिच्या नावाचं एकही कार्ड नव्हतं. भिकाजीनेही कधी तिला शब्द दिला नव्हता. विंगेत उभ्या माणसाला शेजारचा माणूस दिसत नाही. आज तीच आपणहून बोलली.

‘तुमी माका बघूक इलास, त्याच्या आधी मी तुमका बघलेलंय,’ ती म्हणाली. ‘तुमका ठावक नाय.’

भिकाजीने मान वळवली.

‘कंपनीचा नाटक इल्ला आंबोलीक. मी खांबाच्या कडेक बसलेलंय, थंयसून विंग दिसी. सगळी माणसा राजाक बघी होती. मी तुमका बघी होतंय. राजाचे ओठ हलायच्या आधी तुमचे हलत. माका वाटला, ह्यो माणूस बोलता सगळा, आणि आयकणा कोण नाय. मगे मी बापाशीक सांगलंय...’

तिने पदर तोंडाला लावला आणि ती थांबली.

या एका नाटकाची पोथी भिकाजीकडे नव्हती. पुढचा शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याने तिचा हात शोधला आणि पुढे वाकून ऐकावं लागेल अशा त्याच्या आवाजात तो म्हणाला,

‘मगे? फुडे बोल, तुळशे.’